निवळशंख पाणी, झिजणारे सांधे

घरच्या पोहण्याच्या तलावाविषयी या स्तंभाकडे उन्हाळ्यात अधूनमधून पत्रे येतात. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या चार पत्रांमध्ये एक समान धागा दिसला: पाण्यात औषध टाकणारा हात सढळ आहे आणि पाणी मोजणारा हात आखडता. म्हणून उत्तरांत आकडे जरा जास्त आले आहेत. ते ज्या त्या तलावाच्या मापाचे आहेत. इतर वाचकांनी आपल्या तलावातील पाण्याच्या प्रमाणात ते बदलून घ्यावेत.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यालगत आमचा बंगला असून अंगणात ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असा तलाव आहे. त्याची खोली एका टोकाला १ मीटर, तर दुसऱ्या टोकाला १.८ मीटर आहे. पाणी महापालिकेच्या नळाचे आहे. तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या गेली तीन वर्षे अखंड असतात आणि पाणी निवळशंख दिसते. तरीही फरशांच्या सांध्यांतील ग्राउट झिजला आहे, तळाचा गिलावा पायांना खरखरीत लागतो आणि शिडीच्या बुंध्याशी गंज धरला आहे. सांधे दोनदा भरून घेतले; ग्राउट निकृष्ट होता, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. किटवर सामू (पीएच) ७.२, विम्लता (आम्ल पचवण्याची ताकद) ५०, काठिण्य (विरघळलेला चुना) ५० आणि मुक्त, म्हणजे जंतू मारायला मोकळा असलेला, क्लोरीन ३ असे आकडे आले. दोष नक्की कशाचा?

उत्तर : ग्राउट निकृष्ट असेलही, परंतु आपण कळवलेल्या आकड्यांचे पाणी उत्तम प्रतीचा ग्राउटही खाल्ल्याशिवाय राहणार नाही. सिमेंटमध्ये चुना असतो आणि आपले पाणी चुन्याचे भुकेले आहे. ठाण्याला भातसा आणि बारवी या धरणांचे पाणी मिळते, नवी मुंबईला मोरबे धरणाचे. हे मूळचे पावसाचे पाणी असून त्यात विरघळलेले क्षार बोअरवेलच्या पाण्याच्या मानाने थोडे असतात. डाळ शिजवायला किंवा साबणाचा फेस काढायला असे सुफेन पाणी फार चांगले, आणि पिण्यासाठी तर प्रश्नच नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, काठिण्याला वरची मर्यादा आहे, खालची नाही. सिमेंटच्या हौदात वर्षानुवर्षे साठवून ठेवायच्या पाण्याला मात्र खालची मर्यादाही असावी लागते, आणि नळाचे पाणी उत्तम आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांच्या नेमके हेच लक्षात येत नाही.

पाणी चुना खाते आहे की चुना सोडते आहे, हे काढण्याची एक रीत विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ साली शहरांच्या जलवाहिन्यांसाठी बसवली. पुढे तलावांसाठी ती कोष्टकाच्या रूपात सोपी करण्यात आली. सामूच्या आकड्यात तापमान, काठिण्य आणि विम्लता यांचे ठरावीक गुणांक मिळवायचे आणि बेरजेतून १२.१ वजा करायचे. उत्तर शून्याच्या जवळ आले तर पाणी समाधानी. उणे आले तर ते सिमेंट आणि धातू खाते. अधिक आले तर फरशांवर पांढरा थर धरते. आपल्याकडचे पाणी २९ अंश सेल्सिअसचे धरले तर तापमानाचा गुणांक ०.७ येतो. काठिण्य ५० साठी १.३ आणि विम्लता ५० साठी १.७ धरून सामूच्या ७.२ सह बेरीज १०.९ होते, म्हणजे उत्तर उणे १.२. उणे ०.३ पलीकडे काळजी सुरू होते, हे लक्षात घेतले तर तीन वर्षांत सांधे दोनदा का भरावे लागले हे वेगळे सांगायला नको. याउलट सामू ७.५, काठिण्य २०० आणि विम्लता १०० असेल तर ७.५, ०.७, १.९ आणि २.० यांची बेरीज बरोबर १२.१ होते आणि उत्तर शून्य येते.

आता गोळ्यांकडे वळू, कारण माझ्या मते आपल्या घरातील खरा भिडू तो तरंगता डबा आहे. या गोळ्या ट्रायक्लोरोआयसोसायन्यूरिक आम्लाच्या असतात. बाजारात त्यांना टीसीसीए म्हणतात. त्यांचा द्राव चांगलाच आम्लधर्मी असल्याने त्या दररोज थोडी थोडी विम्लता खातात. दुसरे असे की, त्या क्लोरीनबरोबर सायन्यूरिक आम्लही सोडतात. या आम्लामुळे क्लोरीन उन्हात टिकतो, म्हणून उघड्यावरच्या तलावात ३० ते ५० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) एवढे ते असणे चांगलेच. मात्र ते उडून जात नाही आणि सहजासहजी विघटितही होत नाही. गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन मिळाला की त्यामागून सुमारे ६ पीपीएम सायन्यूरिक आम्ल येते. उन्हाळ्यात रोज २ पीपीएम क्लोरीन खर्ची पडतो असे धरले, तर महिन्याला ६० पीपीएम क्लोरीन आणि त्यासोबत ३६ पीपीएम आम्ल. बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणे), उडणारे पाणी आणि पावसाळ्यातील ओसंडणे यांत काही वाहून गेले तरी तीन वर्षांनी हा आकडा १०० च्या वर असण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि नेमकी हीच चाचणी आपण केलेली नाही. मुक्त क्लोरीन सायन्यूरिक आम्लाच्या साधारण साडेसात टक्के असावा, असा एक व्यवहारी ठोकताळा आहे. आम्ल १०० असेल तर ३ पीपीएम क्लोरीन कागदावर भरपूर दिसतो. प्रत्यक्षात तो जागेवरच पेंगत असतो.

या आम्लाचा आणखी एक घोटाळा आहे. किटवरील विम्लतेच्या आकड्यात त्याचाही वाटा मोजला जातो. साधारण आपल्या सामूला सायन्यूरिक आम्लाच्या पाव ते एक तृतीयांश इतका. म्हणजे आम्ल १०० निघाले तर आपल्या ५० पैकी निम्मी विम्लता खाण्याच्या सोड्याच्या जातीची नाहीच, आणि पाणी मी वर काढले त्याहूनही अधिक भुकेले आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम सायन्यूरिक आम्ल मोजावे. या चाचणीत नमुन्यात द्राव मिसळल्यावर पाणी गढूळते आणि ते नळीत ओतत ओतत तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की पातळी वाचतात. आकडा १०० च्या घरात असेल तर अर्धे पाणी बदलण्याखेरीज दुसरा खात्रीचा उपाय नाही. हे सर्वांत आधी करावे, नाहीतर विकत आणलेला सोडा गटारात जाईल. नळाचे पाणीही सुफेनच असल्यामुळे पाणी बदलल्यावर विम्लता आणि काठिण्य फारसे सुधारणार नाहीत. ते पुन्हा मोजावे आणि आकडे ५० च्या आसपास आहेत असे दिसल्यास पुढील हिशेब लावावा.

आपल्या तलावाची सरासरी खोली १.४ मीटर आहे, म्हणजे पाणी ८ × ४ × १.४ = ४४.८ घनमीटर, साधारण ४५,००० लिटर. विम्लता १० पीपीएमने वाढवायला १,००० लिटरला १७ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. ५० वरून १०० वर नेण्यासाठी सुमारे ३.८ किलो होतो. तो एकदम न टाकता अर्धा आज आणि अर्धा उद्या, पंप चालू असताना पसरून टाकावा. सोड्याने विम्लता दुप्पट होताना सामूही थोडा वर सरकतो आणि बहुधा ७.५ च्या जवळ येऊन थांबतो, त्यामुळे सामूसाठी वेगळे काही टाकण्याची घाई करू नये. येथे धुण्याचा सोडा वापरू नये, कारण तो विम्लतेपेक्षा सामूच झपाट्याने चढवतो. सामू आज ७ आणि उद्या ८ असा उड्या मारतो अशी तक्रार अनेक जण करतात. विम्लता कमी असलेल्या पाण्याला ठाम पायाच नसतो, त्यामुळे थोडे आम्ल किंवा थोडा सोडा पडला की ते कोलमडते. विम्लता आधी आणि सामू नंतर, हा क्रम एवढ्याचसाठी.

काठिण्य ५० वरून २०० वर न्यायला दोन मार्ग आहेत. कॅल्शियम क्लोराइडचे खडे घेतले तर सुमारे १० किलो लागतील. ते बादलीतील पाण्यात थोडे थोडे टाकून विरघळवावेत, कारण विरघळताना पाणी चांगलेच तापते. खड्यांवर पाणी मात्र कधीही ओतू नये. सोडा टाकल्यानंतर निदान एक दिवस जाऊ द्यावा, नाहीतर दोघांच्या संयोगाने तलावभर पाणी खडू कालवल्यासारखे गढूळ होईल. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे: गोळ्या बंद करून रोजचा क्लोरीन कॅल्शियम हायपोच्या (कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या) पावडरीतून द्यावा. तिच्यातून १० पीपीएम क्लोरीनबरोबर सुमारे ७ पीपीएम काठिण्य येते. रोजच्या २ पीपीएमसाठी ६५ टक्क्यांची पावडर १४० ग्रॅम लागेल आणि महिन्याकाठी काठिण्य आपोआप ४० च्या आसपास वाढत जाईल. सुफेन पाण्याच्या गावात हे औषध पथ्यासारखे पडते. निम्मी वाढ खड्यांनी आणि निम्मी पावडरीने केली तर दोन महिन्यांत गाडी रुळावर येईल. काठिण्य ३०० च्या पुढे जाऊ लागले की लिक्विड हायपोकडे (सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावाकडे) वळावे. सांधे भरण्याचे काम त्यानंतरच काढावे, आणि तोवर ठेकेदाराला दोष देण्याचे थांबवावे.

प्रश्न : आम्ही खारघरला राहतो. मे महिन्यात नळाला पाणी कमी असल्याने टँकर मागवून तलाव भरला. पाणी स्वच्छ होते, पण ब्लीचिंग पावडर टाकताच दोन तासांत ते कोऱ्या चहासारखे झाले. माळी मोरचूद टाकू या म्हणतो. टाकावे का?

उत्तर : टाकू नये. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तो शेवाळ मारतो हे खरे, पण आपल्या पाण्यात शेवाळ नाही, लोह आहे. ते पाणी बहुधा बोअरवेलचे असावे. विरघळलेले लोह डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीन मिळताच त्याचा गंज होतो आणि पाणी तपकिरी दिसू लागते. त्यात तांबे घातले तर एका धातूचे दोन धातू होतील. पोहणाऱ्यांचे केस हिरवट होतात त्याचे खापर क्लोरीनवर फोडले जाते. वास्तविक तो रंग तांब्याचा असतो, आणि पिकलेल्या केसांवर तो अधिक उठून दिसतो.

लोहाचा गंज झालाच आहे, तर आता तो गाळून काढणे सोपे आहे. वाळूचा फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि दाब वाढला की बॅकवॉश करावा. दोन दिवसांनीही रंग उरला तर संध्याकाळी पंप बंद करून १,००० लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात तुरटी विरघळवून टाकावी. सकाळी तळाशी बसलेला गाळ फिल्टरमधून न नेता थेट बाहेर ओढून काढावा. तुरटीही विम्लता खाते; या मात्रेला ती फार तर ५ पीपीएमने उतरेल, तेवढी मागाहून भरून काढावी. सामू ७.२ ते ७.४ एवढा खालीच ठेवला तर गिलाव्यावर डाग बसण्याचा धोका कमी होतो.

पुढच्या वेळी टँकरचा पाइप तलावात सोडण्यापूर्वी पांढऱ्या बादलीत त्यातील पाणी घेऊन चिमूटभर ब्लीचिंग पावडर ढवळावी आणि तासभर थांबावे. रंग आला तर टँकरवाला बदलावा किंवा निदान आपली तयारी असावी. बादलीतील त्याच पाण्याचे काठिण्यही मोजून पाहावे. ते ४०० च्या वर निघाल्यास पहिल्या वाचकांना दिलेला कॅल्शियमचा सल्ला आपल्याला लागू नाही. आपल्याला लिक्विड हायपोच योग्य.

प्रश्न : नेरूळच्या आमच्या रो-हाउसमागे ३०,००० लिटरचा तलाव आहे. मुली पोहून आल्या की त्यांचे डोळे लाल होतात आणि पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येतो. तरीही गोळीच्या किटमध्ये गुलाबी रंग उमटतच नाही, म्हणून काळजीवाहक पावडर वाढवत जातो. घरातल्या जुन्या किटमध्ये मात्र गडद पिवळा रंग येतो. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर : दोन्हींवर, पण ती काय सांगत आहेत हे समजून घेऊन. पिवळ्या रंगाचे जुने किट ऑर्थोटोलिडीनचे असते. ते मुक्त आणि संयुक्त अशा दोन्ही क्लोरीनची गोळाबेरीज दाखवते. घाम, लघवी, अंगाला लावलेले तेल यांतील नायट्रोजनशी संयोग पावलेला क्लोरीन म्हणजे संयुक्त क्लोरीन. निर्जंतुक करण्याची त्याची ताकद फारच थोडी. उग्र वास आणि चुरचुरणारे डोळे बहुतेक वेळा त्याच्यामुळे असतात. गुलाबी रंगाचे किट डीपीडीचे आहे. त्याची पहिली गोळी फक्त मुक्त क्लोरीन दाखवते आणि त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकली की एकूण क्लोरीन दिसतो. दोन आकड्यांतील फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन, तो ०.५ च्या आत असावा.

गुलाबी रंग न येण्याची कारणे दोन असू शकतात, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक तर मुक्त क्लोरीन उरलेलाच नाही, किंवा तो इतका जास्त आहे की त्याने डीपीडीचा रंगच उडवून टाकला आहे. पावडर वाढवत नेणारे बरेच जण या दुसऱ्या फासात सापडलेले असतात. नळीत एक भाग तलावाचे आणि चार भाग बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी घेऊन पहिली गोळी टाकावी. आता गुलाबी रंग आला तर वाचलेल्या आकड्याला पाचने गुणावे. क्लोरीन बेसुमार झाला आहे. तेव्हा काहीही न टाकता तलाव उघडा ठेवावा आणि मुलींना दोन दिवस लांब ठेवावे. ऊन आपले काम करील. अशा पाण्यात सामूचा आकडाही विश्वासाचा नसतो, कारण सामू दाखवणाऱ्या फेनॉल रेड या द्रावाचा रंग जास्त क्लोरीनमुळे जांभळट होतो किंवा उडतो.

पाणी मिसळूनही पहिली गोळी पांढरीच राहिली, मात्र न मिसळलेल्या पाण्यात तिसऱ्या गोळीने रंग धरला, तर सारा क्लोरीन संयुक्त आहे. अशा वेळी संयुक्ताच्या दहापट क्लोरीन एका दमात द्यावा लागतो. अर्धवट मात्रेने वास आणखी वाढतो, आणि रोज चमचा चमचा पावडर टाकून तो का जात नाही याचे उत्तर येथे आहे. समजा संयुक्त ०.८ निघाला, तर ८ पीपीएम क्लोरीन, म्हणजे आपल्या ३०,००० लिटरला २४० ग्रॅम. ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपो घेतल्यास ३७० ग्रॅम. ती बादलीत विरघळवून सूर्यास्तानंतर टाकावी, रात्रभर पंप चालू ठेवावा आणि मुक्त क्लोरीन ३ च्या आसपास उतरेपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नये. त्याआधी सामू ७.२ ते ७.६ मध्ये आणून ठेवावा. क्लोरीनचा जंतुनाशक भाग, म्हणजे हायपोक्लोरस आम्ल, सामू ७.५ ला जवळपास निम्मा असतो. सामू ८ ला तो पावभरच उरतो.

नमुना घेण्याची रीतही काळजीवाहकाला एकदा शेजारी उभे राहून दाखवावी. पाणी जिथून तलावात परत येते त्या तोंडापासून दूर, कोपरभर खोलीवरून बाटली उलटी बुडवून तेथे सरळ करावी. नळीचे तोंड अंगठ्याने दाबून हलवू नये. त्वचेवरील आम्लता सामू बदलते. औषध टाकल्यावर पाण्याचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत, साधारणपणे सहा तास, चाचणी करू नये. आपल्याकडच्या दमट हवेत कागदी पट्ट्यांची बाटली उघडी राहिली की पट्ट्या आठवड्यात निकामी होतात, आणि द्रवाच्या बाटल्या पंपघराच्या उकाड्यात ठेवल्या तर वर्षभरही टिकत नाहीत. किटची जागा घरातील कपाटात असावी. मुलींना पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करायला लावली तर वरील बराच खटाटोप वाचेल.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या येऊरजवळच्या घरी कोणी पोहत नाही. तलाव रिकामा करून चार महिने पंप बंद ठेवावा, असा विचार आहे. उरलेली रसायने पंपघरातील एकाच फडताळावर ठेवली तर चालतील का?

उत्तर : तिन्ही गोष्टींना नाही. पावसाळ्यात जमिनीतील पाण्याची पातळी चढते आणि रिकामा हौद खालच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो. वजनासाठी पाणी आत असलेच पाहिजे. पंप बंद ठेवला तर साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासांची सोय होते. दिवसातून तीन-चार तास तो चालवावा आणि मुक्त क्लोरीन १ च्या खाली जाऊ देऊ नये.

पावसाच्या पाण्यात विम्लता जवळजवळ नसते. पहिल्या पत्रातील तलावाचेच उदाहरण घेतले तर १०० मिलिमीटर पावसाने त्याच्या ३२ चौरस मीटर पृष्ठावर ३,२०० लिटर पाणी पडते आणि तेवढेच ओसंडून जाते. असा ५०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्या भागात जुलैत तो सहज होतो, की १०० ची विम्लता ७० वर येते. काठिण्यही त्याच प्रमाणात उतरते. म्हणून जुलै आणि ऑगस्टमध्ये विम्लता दर आठवड्याला मोजावी. सायन्यूरिक आम्लही याच हिशेबाने फुकटात कमी होते. ज्यांचा आकडा थोडाच वर आहे त्यांनी टँकरचे पैसे खर्च करण्याऐवजी मृगाच्या आधी पाणी फूटभर उतरवून ठेवले तर निसर्गच भर घालील.

रसायनांच्या बाबतीत मात्र हयगय नको. टीसीसीएच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपो दोन्ही क्लोरीनचेच, म्हणून ते भाऊ वाटतात. पण एकत्र आले आणि ओल लागली तर आग लागते, स्फोटही होतो. गोळ्यांच्या तरंगत्या डब्यात पावडर कधीही भरू नये. हायड्रोक्लोरिक आम्ल कोणत्याही हायपोच्या संपर्कात आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद पंपघरात तो जिवावर बेततो. तिन्हींच्या जागा वेगवेगळ्या, कोरड्या आणि हवेशीर असाव्यात. आम्ल सर्वांत खाली, जमिनीलगत ठेवावे, म्हणजे गळले तरी दुसऱ्या डब्यावर ठिबकणार नाही. प्रत्येक डब्याचा चमचा वेगळा असावा आणि तो दोरीने त्या डब्यालाच बांधलेला असावा.